मानाची जोडी

यंदा आमच्या गावच्या पोळ्यात बैलजोड्यांपेक्षा पोळा समितीचे सदस्य जास्त होते. जोड्या नऊ, सदस्य सतरा. मी लहान असताना बैलांची रांग मारुतीच्या देवळापासून तलावाच्या पाळीपर्यंत जायची आणि शेवटच्या जोडीला तोरण दिसायचं नाही, नुसता डफाचा आवाज यायचा. आता सगळी रांग देवळाच्या सावलीत मावते, आणि उन्हात उभी राहते ती समिती.

गाव भद्रावतीपासून मोटारसायकलनं अर्धा तास. पुढे कोळशाचे ट्रक लागले तर किती ते ट्रकवाल्यांनाच विचारा. भद्रावती म्हणजे जुनं भांदक. भद्रनागाचं देऊळ, जैनांचा पार्श्वनाथ, विजासनची बौद्ध लेणी, गवराळ्याचा गणपती, म्हणजे कुणीही उपाशी राहू नये इतकी सोय देवांनी करून ठेवलेली. रेल्वे मात्र स्टेशनावर अजून 'भांदक'च लिहिते. तिकीट भांदकचं काढायचं आणि उतरून भद्रावतीत शिरायचं. आत काहीही बदलू दे, पाटी जुनीच ठेवायची, ही आमच्याकडची रीत आहे. यंदाच्या पोळ्यात तेच झालं, ते पुढे सांगतो.

पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी जाते ती मानाची. आमच्या गावात ती चार पिढ्या वाड्याची. वाड्यावरच्यांना गाव 'पाटील' म्हणतं, पण खरं म्हणजे ते मालगुजार. 31 मार्च 1951 ला मालगुजारी कायद्यानं गेली (तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, नागपूरकडची काही वृद्ध माणसं अजून त्या आठवणीनं उसासा टाकतात). गावावरचा हक्क गेला, तलाव सरकारजमा झाले, राहिली ती घरची शेती. सरकारनं त्या तलावांना नाव दिलं 'माजी मालगुजारी तलाव'. फायलीवर एवढं कोण लिहिणार? बाबूंनी त्याचं केलं 'मामा तलाव'. ज्यांच्या वाड्यासमोरून आमचे आजोबा चपला हातात घेऊन चालायचे, ते जिल्ह्याच्या कागदावर मामा झाले. एका सहीनं एवढं जवळचं नातं लागल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मान मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो कुणाला काढून घेता आला नाही. वाड्यात कोण कशावर बसतं यावरून गाव कळायचं. गादीवर मालगुजार, बाजेवर पाहुणे, बोऱ्यावर मास्तर आणि कोतवाल, पायरीवर चार एकरवाले, अंगणात सालगडी, आणि अंगणाबाहेर ते, ज्यांना आत बोलवायची पद्धतच नव्हती. माझे वडील मास्तर. त्यामुळे हा जिना मी बोऱ्यावर बसून, मधल्या उंचीवरून पाहिला आहे. वर पाहिलं की मान दुखायची. खाली पाहायला कुणी शिकवलं नव्हतं.

वाड्याचा सालगडी हा या कथेतला दुसरा माणूस. पाडव्याला साल ठरायचं. रोख इतके, ज्वारी इतकी, एक घोंगडं, एक जोड चपला. चपलेचा करार दरवर्षी व्हायचा आणि चपला दर तीन वर्षांनी मिळायच्या. बैल त्याचे नव्हते, पण त्यांची नावं त्यानं ठेवलेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचे खांदे लोणी-हळदीनं तोच शेकायचा, शिंगांना बेगड तोच लावायचा, झूल तोच चढवायचा, आणि तोरणाजवळ आलं की कासरा पाटलांच्या हातात द्यायचा. तेवढी वीस पावलं पाटील चालायचे. मग कासरा परत.

ऐंशीच्या दशकात दोन-तीन सालं लागोपाठ नापिकी झाली, त्यातच वाड्यावर एक लग्न निघालं आणि सालगड्याचे पैसे थकले. पाटलांनी तोडगा काढला. नाल्यापलीकडची दोन एकर बरड त्याच्या नावानं करून दिली, रीतसर खरेदीखत करून. गाव आठ दिवस हसत होतं. त्या जमिनीत काय यायचं? गोटे यायचे. उचलून बांधावर टाका, पुढच्या पावसाळ्यात परत हजर. इतकं भरवशाचं पीक तालुक्यात दुसरं नव्हतं. सालगड्यानं मात्र सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात ठेवला आणि रोज त्याला हळद-कुंकू वाहिलं. अक्षरओळख नसल्यानं दोन-तीन वर्षं तो उलटा ठेवला होता, असं माझे वडील सांगायचे.

मग खाण आली.

खाण येते म्हणजे आधी मोजणीवाले येतात. शेतात खुंट ठोकतात, चुन्याची रेघ मारतात, आणि त्या दिवसापासून गावात रेघेच्या आतले आणि बाहेरचे अशा दोन जाती पडतात. कोरडवाहूला एक भाव आणि ओलिताला जास्त, हे कळल्याबरोबर आमच्या शिवारात पाण्याचा जो सुकाळ झाला तो भगीरथालाही जमला नसता. ज्या वावरात चिमणी तहानेनं मरायची तिथं आठवड्यात विहीर निघाली. झाडांचे वेगळे पैसे मिळतात अशी खबर आली, तर आंब्याची कलमं इतकी दाट लागली की त्यांच्यातून मुंगीला आडवं होऊन जावं लागे. पंचनाम्याला आलेले साहेब एका विहिरीत डोकावले आणि म्हणाले, "यात पाणी कुठंय?" मालक म्हणाला, "साहेब, तुमी येनार मनून उपसून ठेवली जी. साफ दिसाले पायजे."

गंमत पुढे आहे. रेघ नाल्याला धरून गेली. नाल्याच्या अलीकडे पाटलांची चाळीस एकर काळी कसदार जमीन, जिच्यातलं ढेकूळ फोडलं तर खायची इच्छा व्हावी, ती बाहेर. नाल्यापलीकडची बरड आत. गोट्यांच्या खाली कोळसा होता. कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरामागे एक नोकरी असं गणित आहे. सालगड्याची जमीन बरोबर दोन एकर. पाटलांनी त्या वेळी हात आखडून पावणेदोन एकर दिली असती तर मला आज हा लेख लिहिता आला नसता. सालगड्याचा पोरगा खाणीत कायम झाला. आधी हेल्पर, आता डंपर चालवतो. शंभर टनी डंपर. त्याच्या चाकाच्या उंचीला वाड्याचा दरवाजा लागतो. हे मापही त्यानंच मला सांगितलं, वाड्याकडे न बघता.

पाटील याबद्दल कडवट नाहीत. संध्याकाळी ओसरीत बसून ते म्हणतात, "आमच्या आज्यानं जमीन पारखून घेतली, पन वरून. खालून पाहाची अक्कल कोनाले होती?" त्यांच्या पऱ्हाटीला कापूस सकाळी पांढरा फुटतो आणि संध्याकाळपर्यंत सावळा होतो. धुळीचा मोबदला अजून कोणत्या धोरणात बसलेला नाही.

लग्नाच्या बाजारात तर सगळी जुनी परिमाणं मोडीत निघाली. माझ्या तरुणपणी आमच्या भागात आयुध निर्माणीतल्या पोरांचा भाव होता. भद्रावतीच्या त्या कारखान्यात नुसतं 'लागला' एवढं कळलं की वधूपिता पंचांग उघडायचा. कशात लागला, काय करतो, हे विचारायची सोय नव्हती, गुप्त असे. 2021 मध्ये देशातले आयुध कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. त्यावर देशाच्या संरक्षणाचं काय होईल ही चिंता दिल्लीत झाली असेल. आमच्याकडे सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "मंग पेन्शनचं कसं जी?"

आता पहिला मान 'वेकोलि'ला. वेस्टर्न कोलफिल्ड्स हे नाव कुणी घेत नाही. वेकोलि म्हणायचं, तेही डोळे किंचित मिटून. त्यातही पायऱ्या आहेत. सर्वांत वर परमनंट. त्याच्या खाली ठेकेदारीतला, जो तेच काम करतो, तीच धूळ खातो आणि जेवायला वेगळा बसतो. आणि या दोघांच्या मध्ये, कोणत्याही समाजशास्त्रज्ञाला न सापडलेला एक वर्ग आहे, 'फाईल नागपूरला आहे' हा. जमीन गेली, नोकरीचा अर्ज केला, कागद पुढे सरकला, आता फाईल नागपूरला. ही स्वतंत्र पदवी आहे. गेल्या उन्हाळ्यात मी एका सोयरिकीच्या बैठकीला होतो. मुलीच्या मामानं विचारलं, "मुलगा का करते?" मुलाचा बाप छाती काढून म्हणाला, "फाईल नागपूरले हाय." मामा गंभीर झाला. दोन मिनिटांनी त्यानं विचारलं, "कोनत्या टेबलावर?" सोयरीक टेबलावर अडली.

नवरदेवाकडे शेती हवी की नको, हा वाद बाकी महाराष्ट्रात चालू असेल. आमच्याकडे तो मिटला आहे. शेती पाहिजे, पण गेलेली पाहिजे.

गेली पण बदल्यात काही आलंच नाही, असेही आहेत, आणि त्यांना कोणत्या पायरीवर बसवायचं हे अजून ठरलेलं नाही. 1990 च्या दशकात केंद्रानं आठ वीज प्रकल्पांना 'फास्ट ट्रॅक' म्हटलं होतं. दाभोळच्या एन्रॉनचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच यादीत आमची भद्रावती होती, 1,072 मेगावॅटची. तो प्रकल्प उभारणार असलेल्या निप्पॉन डेन्रो कंपनीचं नाव त्या काळात भद्रावतीच्या चहाच्या टपरीवर पोरं इतक्या सहज घ्यायची, जणू तो पलीकडच्या आळीतला जावई. आजूबाजूच्या गावांतल्या जमिनी घेतल्या गेल्या. वीजघर आलं नाही. माझा एक मावसभाऊ तेव्हा दहावीत होता आणि जपानी भाषा शिकावी का, असं त्यानं माझ्या वडिलांना विचारलं होतं. आज तो एका शाळेत शिपाई आहे. फास्ट ट्रॅक हा शब्द तो अजून वापरतो, पोट बिघडलं की.

असो. पोळ्याकडे येतो.

पाटलांनी मागच्या दिवाळीनंतर शेवटची जोडी विकली. ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, कडब्याला पैसे पडतात, सालगडी मिळत नाही. मिळतो कसा? ज्याच्या अंगात बळ आहे तो ठेकेदाराकडे, आणि ज्याच्या नाही तो मोबाईलवर. इकडे सालगड्याच्या पोरानं मात्र यंदा बैलजोडी घेतली. त्याच्याकडे आता गुंठाभरही वावर नाही; होतं ते डंपरखाली गेलं. तरी जोडी घेतली, पांढरीशुभ्र, कमानदार शिंगांची, लाखाच्या वर मोजून. काम काही नाही. सकाळी धुतात, संध्याकाळी फोटो काढतात. मी विचारलं, "काहून घेतली बा?" तर म्हणाला, "बाबानं सारी जिंदगी दुसऱ्याचे बैल सजवले. मनलं, एकदा आपले सजवू द्या."

म्हणजे मान वाड्याकडे आणि बैल घरकुलाच्या ओळीत. आता पहिलं कोण जाणार?

समितीची बैठक मारुतीच्या देवळात भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या सगळ्यांना सारख्या होत्या, लाल. जिना मोडला असं क्षणभर मला वाटलं. मग लक्षात आलं की पाटलांच्या खुर्चीला हात आहेत आणि बाकीच्यांच्या खुर्च्यांना नाहीत. दुसरी हातवाली खुर्ची रिकामी होती. तिच्यावर डंपरवाला बसेना, आणि तो बसत नाही म्हणून दुसरं कुणी बसेना. बैठकभर ती खुर्ची अध्यक्ष असल्यासारखी मध्ये उभी होती.

एक जण म्हणाला, ज्याचे बैल त्याचा मान. दुसरा म्हणाला, मान घराले असते, बैलाले नाही. तिसऱ्यानं सुचवलं, की पाटलांनी भाड्याचा ट्रॅक्टर तोरणाखालून न्यावा, सायलेन्सरला बाशिंग बांधून. पाटील काही बोलले नाहीत, पण त्यांच्या खुर्चीचे हात करकरले. एकानं मध्यम मार्ग म्हणून दोन तोरणं लावायला सांगितलं. तो मुळात ठेकेदार आहे.

सरपंचबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांचे यजमान त्यांच्या वतीनं बोलायला दोनदा खाकरले होते. शेवटी बाई म्हणाल्या, "बैल कोनाचे अन् मान कोनाचा, थे तुमी पाहा. तोरनाखाली शेन पडन, थे कोन उचलन एवढं सांगा. मले ग्रामपंचायतीत लिवा लागते."

देऊळ एकदम शांत झालं. मान घ्यायला दोन घरं होती, शेणाला एकही नाही. त्या शांततेत तोडगा निघाला. बैल डंपरवाल्याचे, नाव वाड्याचं. कासरा शेवटची वीस पावलं पाटलांच्या हातात. लाऊडस्पीकरवर दोन्ही नावं, आधी वाड्याचं. शेण रोजंदारीवर.

पोळ्याच्या दिवशी तसंच झालं, थोड्या फरकानं. त्या बैलांना गर्दीची, डफाची, मोबाईलची सवय होती. जोखडाची आणि पाटलांची नव्हती. तोरणाच्या ऐन खाली मानाच्या बैलानं मानाच्या अंगठ्यावर पाय दिला. पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. लाऊडस्पीकरवाला म्हणाला, "परंपरेच्या आठवणीनं पाटीलजी गहिवरून गेले." पाटलांनी नाकारलं नाही. खालच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली, तोरण तुटलं, पोरं आंब्याची पानं लुटायला धावली आणि बैल घरोघर निघाले.

पोळ्याला बैल दारात आले की त्यांचे पाय धुतात, पुरणपोळी भरवतात आणि कासरा धरणाऱ्याला बोजारा देतात. बोजारा म्हणजे ओवाळणीच म्हणा, गड्याच्या हातावर ठेवायची. वाडा पहिला. पाटलीणबाई ताट घेऊन आल्या. डंपरवाल्यानं वडिलांनाही आणलं होतं, म्हाताऱ्याला आता नीट दिसत नाही. ओसरीत दोन खुर्च्या मांडल्या होत्या. पाटील म्हणाले, "तू बस बे. अन् तुमी चहा घ्या." एका वाक्यात बापाला तू आणि लेकाला तुमी. दोन एकराचा सगळा हिशेब त्यात आला होता आणि दोघांपैकी कुणालाही काही वावगं वाटलं नाही. म्हातारा "बसतो जी" म्हणाला आणि उभाच राहिला. पाटील आत गेले तसा तो खुर्चीच्या काठावर टेकला. पाटलांच्या चपला वाजल्या तसा उठला. असं तीनदा झालं.

बोजाऱ्यासाठी पाटलांनी कोटाचे खिसे चाचपले. चाळीस एकराच्या मालकाकडे सुट्टे नव्हते. त्यांनी मुलाला हाक मारली. तो बी. ए. आहे आणि त्याच खाणीवर एका ठेकेदाराकडे हजेरी मांडतो. "अकरा रुपये टाक रे, मोबाईलवरून." अकराच का, तर थोरल्या पाटलांपासून अकराच. मुलानं नंबर लावला.

डंपरवाल्याच्या बायकोचं किराणा दुकान वाड्याच्या अगदी समोर आहे, आणि नंबर दुकानाच्याच खात्याला जोडलेला. तिथल्या गल्ल्यावर ठेवलेला डबा सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा बाईच्या आवाजात म्हणाला, "ग्यारह रुपये प्राप्त हुए."

पोरं फिदीफिदी हसली. डफवाले थांबले. पाटलांच्या मुलाचे कान लाल झाले. त्यानं कुणाला न विचारता पुन्हा अंगठा चालवला. डबा म्हणाला, "पाँच सौ एक रुपये प्राप्त हुए." आळीत कुणीतरी टाळी वाजवली.

म्हाताऱ्यानं मान वाकडी केली. "का मनते बे थो डबा?"

"अकरा आले बाबा. मंग पाचशे एक आले."

"अकरा बराबर हायेत," म्हातारा म्हणाला. मग बराच वेळ त्याच्या ओठांची हालचाल होत राहिली, जुन्या हिशेबाची असावी. "पाचशे एक कायचे? वापस कर."

"राहू दे ना बे," पाटील म्हणाले.

"नाई जी. बोजारा अकराच असते."

पोरानं बापाकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं, फोन काढला आणि पाचशे एक परत पाठवले. आम्ही सगळे कान देऊन थांबलो. काहीच वाजलं नाही. वाड्यात डबा नाही.